राइस मिलच्या भिंतीवरचा ळ

सुगत,

चौकातल्या फ्लेक्सवर तुझं नाव चुकलेलं नव्हतं. ताणलेलं होतं. फोटो बरा होता, तो निळ्या शर्टातला. त्याच्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याच्याखाली तू, सुगत वाळके, या बांबूपासून त्या बांबूपर्यंत आडवा ओढलेला. सु इतका रुंद झाला होता की त्याच्यात बकरी बसली असती. ळ चे दोन्ही गोळे चपटे, टायरखाली आलेल्या वांग्यासारखे. ज्यानं सारी उमर अक्षरं बनवण्यात घातली, त्याच्या मरणाचं अक्षर हे असं. मी खाली उभा राहून पाहत होतो. लोकाले वाटलं म्हातारा रडून राह्यला. मी रडत नव्हतो.

तिथून मी सरळ राजूच्या दुकानात गेलो. तुले माहीत आहे, त्या दुकानाची पायरी मी कधी चढलो नव्हतो. त्याची ती फ्लेक्सची मशीन आपल्या सावली गावात आली आणि माझे ब्रश डब्यात वाळून गेले. तेव्हापासून तो रस्त्यात दिसला तर मी विजेच्या तारा पाहत जातो.

"या भाऊ," तो म्हणला. "आज रस्ता चुकले का?"

"वाळकेचं नाव कोणं लिहिलं?"

"लिहाचं काय भाऊ, टाइप केलं. काऊन, चुकलं का?"

"चुकलं नाई. ताणलं."

"जागा भरायची होती ना. फोटोखाली एवढी जागा रिकामी दिसत होती."

"मग रिकामी ठेवायची."

"रिकामी ठेवली का लोक म्हणतेत, राजूनं अर्धं काम केलं." मग त्यानं खुर्ची पुढं सरकवली आणि आवाज उतरवला. "सुगत माह्यासंगं शाळेत होता, भाऊ. हा फ्लेक्स कोणं सांगितला नाई. मीच लावला."

मी तसाच पायरी उतरलो. घरी आलो तर अंगणात निंबाखाली तुझी ती प्लास्टिकची खुर्ची. तिच्याकडं पाहिलं आणि मनात म्हटलं, हे तुले सांगायले पाहिजे. सुगत, तुले ताणलं रे, हे तुलेच सांगायचं होतं. तूच हसला असता. दुसरं कोणी याच्यावर हसणार नाई आणि दुसऱ्या कोणाले रागही येणार नाई. या गावात आता असा राग येणारा मी एकटा आहे.

तू पहिल्यांदा आला तेव्हा मले वाटलं नगरपंचायतीचा माणूस आहे, ओटा रस्त्यात येतो म्हणून मोजायले आला. तू माझ्या दारावरच्या पाटीचा फोटो काढून राह्यला होता. 'डोमा पेंटर, सावली.' मी म्हटलं, काय पाहिजे. तू म्हणला, "हा ड कोणी काढला?"

लोक विचारतात पेंटर आहे का घरी, कधी देतो, कालचं काम आज काऊन नाई झालं. ड कोणी काढला म्हणून माझ्या जन्मात कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मीच काढला. काऊन, तुझा होता का?"

तू तिथीच ओट्यावर बसला. चहा घेतला. मग सांगितलं की तू इथलाच, वाळकेचा पोरगा, पुण्याले शिकला, मोबाइलमधली अक्षरं बनवणाऱ्या कंपनीत होता आणि ते सोडून आला. मी म्हटलं, मोबाइलमधली अक्षरं बनवावी लागतात का? तू म्हणला, "भाऊ, ते आभाळातून पडते का? कोणी तरी बसून एकेक काढलेलं असते." हे मले ठाऊक नव्हतं. मी समजत होतो मशीनच्या पोटातूनच येतात, जशी मिलमधून कणी येते. तू म्हणला, आता कंपनी नाई, साहेब नाई. एक माणूस, एक खोली, दोन-तीन वर्षं, आणि मग एक दिवस त्याचं अक्षर, म्हणजे सारी बाराखडी, जगापुढं. असे लोक गावोगाव आहेत म्हणला, कोणी केरळात, कोणी गुजरातेत, सारे आपापल्या खोलीत एकटे.

मी म्हटलं, "म्हणजे पेंटरच."

तू म्हणला, "पेंटरच, भाऊ. फक्त अंगाले रंग लागत नाई."

मग रविवारचं ठरूनच गेलं. आठवडी बाजारात जसे बैल पाहायले जातो तसा तू लॅपटॉप उघडून बसायचा. भाऊ, हे या महिन्यात नवीन आलं. हे परवा आलं. आणि मी दात पाहायचो, खूर पाहायचो. एकाले मी म्हटलं, हे अक्षर इंग्रजी शाळेत शिकून आलेलं दिसते, उभं राहतानाही टाय घातल्यासारखं राहते. एकाचा काना ढिला होता, म्हटलं याचं धोतर सुटणार आहे. एक मात्र फार देखणं होतं, पातळ, लांब, जशा भाताच्या लोंब्या. त्याच्याकडं मी पुष्कळ वेळ पाहत राहिलो. तू म्हणला, "आवडलं म्हणा ना, भाऊ." मी म्हटलं, "वाईट नाई." तू म्हणला, "हे मी त्याले कळवतो, सावलीचे डोमा पेंटर म्हणतेत वाईट नाई. तो माणूस जेवण सोडून नाचंल."

आणि तू खरंच कळवायचा. केरळच्या एका पोरीनं मराठीचं अक्षर बनवलं होतं, मी म्हटलं याच्या ब चं पोट सुटलं आहे, बाळंतीण आहे का. मले वाटलं गंमत झाली, संपली. पुढच्या महिन्यात तिचा निरोप आला, काकांना सांगा, पोट कमी केलं. तू तो निरोप वाचून दाखवला तेव्हा मी विडी शोधून राह्यलो होतो. विडी खिशातच होती. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सावलीबाहेर माझं कोणी ऐकत असंल हे मले कुठी माहीत.

एवढं झाल्यावर तू म्हणला, आता तुमचं अक्षर बनवू. भिंतीवर आहे तोपर्यंत उचलून घेऊ, नाई तर राजू सारं झाकून टाकणार.

तू गाडी काढली आणि मी मागं बसलो. आरमोरीचं कापडाचं दुकान, चामोर्शीच्या बाजारातली हॉटेलची पाटी, नाटकाच्या मंडपाचे जुने पडदे, विहाराच्या भिंतीवरचे पंचशील. माझीच अक्षरं पाहायले मी पाहुण्यासारखा फिरत होतो. काही ओळखू आली नाईत. काही ठिकाणी नुसता पत्रा होता, अक्षर उन्हानं खाल्लेलं, आणि तू तरी त्याच्यावर हात फिरवून पाहायचा. जंगलाच्या रस्त्यावर वन विभागाची ती पाटी आठवते का, 'पुढे वाघाचा वावर आहे, सावध राहा'? तीही माझीच. तू मधोमध रस्त्यात गुडघे टेकून बसला, सांज होत आली होती.

"भाऊ, हा घ पाहा. याची गाठ पाहा."

"गाठ पाहू का मागं पाहू?"

"मागं काय हाये?"

"पाटी वाच ना, शहाण्या."

तू वाचली. वाचून आणखी एक फोटो काढला आणि मग उठला. गाडी लागत नव्हती, किका मारमारून तुझा पाय भरला. मी म्हटलं, अक्षरासाठी मरणारा पहिला माणूस ठरशील तू. त्यावर आपण सावलीपर्यंत हसत आलो. तू तापानं गेला. कोणाले काही कळायच्या आत तो डोक्यात चढला, आणि याच्यात अक्षराचा काही संबंध नाई. तरी मी ते वाक्य बोललो होतो.

आता त्या ळ वर येतो. बाकी सारं मी गोडीनं लिहीन, याच्यावर नाई. याच्यावर आपलं भांडण चालूच आहे.

आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत ळ कोणाच्या तोंडात बसत नाई. डोळ्याले आपण डोरा म्हणतो, काळ्याले कारा. माझी बायको मरेपर्यंत नळाले नर म्हणत होती. तुलेही शाळेत जाईपर्यंत सारे वारकेचा पोरगाच म्हणत. आणि जे अक्षर आपण दोघंही नीट बोलत नाई, त्याच्यावरून आपलं बोलणं बंद झालं.

व्याहाडच्या रोडवरची ती राइस मिल. भिंतीवर ओळ होती, 'येथे धान भरडून मिळेल'. एकेक अक्षर माणसाएवढं. ते काम घेतलं तेव्हा मी तरणा होतो, शिडीवर उभ्यानं भाकर खात होतो. भिंतीत मधोमध एक लोखंडी खुंटी होती, तराजू टांगायची. शेठ म्हणला, खुंटी हलणार नाई, भिंत फुटते. मीही काढ म्हटलं नाई. आमच्या धंद्यात एक रीत आहे, भिंतीवर जे आधी आलं त्याचा मान पहिला. खिडकी असो, पाइप असो, विजेचं मीटर असो. आपण मागाहून आलो, आपण वळसा घालायचा. माझ्या उस्तादानं ब्रश हातात देण्याच्या आधी हे शिकवलं होतं. खुंटी नेमकी 'मिळेल'च्या ळ मध्ये आली. डावा गोळा भरून काढला, आणि उजवा खुंटीखालून दबून नेला, मग वर घेतला. जसा माणूस ठेंगण्या दारातून मान वाकवून आत शिरतो तसा.

पुढं शेठ गेला, तराजू गेला, त्याच्या पोरानं खुंटी कापून वरून प्लास्टर मारलं. आणि मग कॅमेरा घेऊन तू आला. बाकीचे माझे ळ फ्लेक्सखाली गेलेले, नाई तर पुसलेले. हा एकच सापडला. तुले वाटलं, डोमाभाऊचा ळ असाच असतो.

ज्या दिवशी तू पूर्ण अक्षर दाखवायले आला, तुले आठवत असंल, मी क पाहिला, ख पाहिला, मान हलवत गेलो. छाती भरून आली होती, पण तुले दाखवली नाई. मग ळ आला.

"हे कुठून आणलं?"

"राइस मिलवरून."

"अरे तिथी खुंटी होती."

तू इतका हसला की खुर्चीचे पाय मातीत रुतले. मले हसू आलं नाई.

"काढून टाक," मी म्हटलं.

"भाऊ, आता कसा काढू? क चा उजवा हात याच्यावरून वळवला, फ चा वळवला. हा काढला का सारी माळ सुटते."

"म्हणजे माझ्या नावावर तू शेठची खुंटी खपवून राह्यला."

"खुंटी तर गेली ना. आता तिथी फक्त तुमचं वळण हाये."

"ते माझं वळण नाई. लोक म्हणतील, डोमाले ळ येत नव्हता."

कारण त्या अक्षराले तू माझं नाव दिलं होतं. 'डोमा.' आधी न विचारता दिलं होतं, आणि मीही नको म्हटलं नव्हतं. माझ्या नावाची एवढीच एक गोष्ट माझ्यामागं राहणार होती, आणि तिच्यात एक अक्षर वाकडं.

तेव्हा तू ड्रॉइंगचे कागद आणून दिले. भाऊ, तुमच्या मनातला ळ काढा, मी तो बसवतो, सारं पुन्हा जुळवतो. मी सकाळपासून बसलो. चांगला ब्रश, चांगली शाई, हात टेकायले काठी. तू खुर्चीवर बसून पाहत होता. दुपारी तू ते कागद एकावर एक ठेवले, हातानं सपाट केले आणि म्हणला, "नाई जमत, भाऊ. हे कागदावरचे हायेत. भिंतीवरचा पाहिजे."

सुगत, माझा हात कापत होता. दोन वर्षांपासून कापतो. उभी रेघ मी एका झटक्यात ओढतो, तिथी कळत नाई. गोल वळणावर हात सावकाश न्यावा लागतो, तिथी कळते. तुले दिसलं होतं. तुले दिसलं हे मलेही दिसलं होतं. आणि आपण दोघंही खुंटीवरच भांडत राहिलो, कारण खुंटीवर भांडता येत होतं.

मी म्हटलं, "माझं नाव काढ मग."

"नाव नाई काढत. मग अक्षरच बाहेर काढत नाई."

"नको काढू."

"तुमी हो म्हणाल तवाच ही पेटी उघडंल, भाऊ. नाई तर राहू द्या."

तू लॅपटॉप बंद केला आणि गेला. पोळा होऊन गेला होता तेव्हा. दरवर्षी ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीच्या मेळाव्यावरून आला की तू आधी माझ्याकडं यायचा, तिथी कोणत्या स्टॉलवर कोणतं अक्षर पाहिलं ते सांगायले. या वर्षी मी त्या दिवशी दाढी करून ओट्यावर बसलो होतो. तू आला नाई. म्हटलं, येईल. ताप आहे म्हणून ऐकलं तेव्हाही म्हटलं, उतरला की येईल. पहिलं पाऊल मी कधी टाकत नाई, हे तुले माहीत होतं. तुले एवढं माहीत होतं तर मग तू यायले पाहिजे होतं. हा माझा राग आहे आणि तो मी आवरत नाई.

तू गेल्यावर करुणा आली. तुझी बायको एकटी माझ्या घरी कधी आली नव्हती. मोपेड लावली, लॅपटॉपची पिशवी उराशी धरलेली. खुर्चीवर बसली नाई, ओट्याच्या कडेवर बसली. मीही खुर्चीवर बस म्हटलं नाई.

"भाऊ, बाहेरच्या लोकाईचे फोन येऊन राह्यले. त्याचे मित्र. ती केरळची पोरगी म्हणते, राहिलंसाहिलं सारं मी करून देते, फक्त पाठवा. मी नाई पाठवलं."

"काऊन?"

"तो म्हणत होता, भाऊनं हो म्हटल्याबिगर नाई."

"आणि मी हो म्हटलंच नाई तर?"

तिनं पिशवीचा बंद नीट केला. "तर राहिलं तसंच मग. त्याचं अर्धं राहिलेलं पुष्कळ हाये घरात."

तिच्या बोलण्यात धाक नव्हता. धाक असता तर बरं झालं असतं, मले नाई म्हणता आलं असतं. मी म्हटलं, विचार करतो. जाताना ती विहारातल्या तुझ्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेले या म्हणून सांगून गेली.

विचार काय करणार? मले तो फ्लेक्स दिसत होता. पुण्यानुमोदनालेही राजूच नाव करून आणणार, पुन्हा जागा भरणार. घरात लाकडी चौकटीवर ठोकलेला एक पत्रा उरला होता. तो घासला, निळा मारला, वाळू दिला. सुतळीले खडू लावून सरळ ओळीसाठी सूत मारलं आणि पांढऱ्यानं तुझं नाव लिहायले बसलो.

सु आला. ग आला, त आला. वा एका दमात आला. आणि ळ वर हात गेला तर जसा पाण्यावर वारा फिरतो तशी रेघ. रॉकेलच्या फडक्यानं पुसलं. पुन्हा काढला, पुन्हा तेच. निळं खरवडून यायले लागलं. शेजारचा मारोती कुंपणावरून म्हणला, "डोमा, राजूकडून करून घे ना, दहा मिनिटांत देते." मी त्याच्याकडं पाहिलं नाई. मी तुझ्या खुर्चीकडं पाहिलं. तू तिथी असता तर 'भिंतीवरचा पाहिजे' म्हणला असता, ते मले बरोबर ऐकू आलं, आणि मी कोणाचं ऐकत नाई.

उठलो, हातोडी आणली. मिलच्या भिंतीवर जिथी खुंटी होती, त्याच जागी पत्र्यावर एक खिळा ठोकला. मग ब्रश धरला. आता हाताले काम होतं. खिळ्याले लागायचं नाई, एवढंच. थरथरायले त्याले फुरसतच मिळाली नाई. डावा गोळा भरून आला. उजवा मान वाकवून खिळ्याखालून गेला आणि वर उठला. रेघ स्वच्छ. मी ब्रश खाली ठेवला.

हा माझाच होता, सुगत. तरणा होतो तेव्हाही तो खुंटीले मान दिल्यामुळंच असा आला असंल. पण तू बरोबर होता असं मी म्हणणार नाई. तू खुंटी पाहिली नव्हती. तू अंदाजानं बोलत होता.

विहारात तुझ्या फोटोजवळ मी तो पत्रा ठेवला. वंदना झाली, लोक फुलं वाहत गेले. राजू मोठा हार घेऊन आला आणि त्या खिळ्याले अडकवून मोकळा झाला. "हे बरं केलं भाऊ," तो म्हणला, "हारासाठी खिळा ठेवला." सारा ळ हाराखाली झाकून गेला. करुणा आली, हार एका बाजूले सरकवला आणि थांबली. दोन वर्षं तिनं ते अक्षर तुझ्या पडद्यावर पाहिलं होतं, चहा ठेवताना, जेवायले हाक मारताना. तिनं खिळ्याले बोट लावलं.

मी म्हटलं, "राहू दे तसाच."

"खिळा?"

"ळ. त्यानं ठेवला तसाच राहू दे."

"आणि नाव, भाऊ?"

"तेही त्यानंच ठेवलं. मी कोण बदलणारा?"

ती तिथी रडली नाई. मले त्याचा फार आधार झाला.

मग एका रविवारी ती आली आणि माझ्या ओट्यावर बसून तिनं ते अक्षर जगापुढं सोडलं. मी समजत होतो काही होईल. निदान आवाज. तिनं बोट दाबलं आणि म्हणली, "झालं, भाऊ." मी म्हटलं, "झालं?" ती म्हणली, "हो." निंबावर कावळा होता, तोही उडाला नाई. तू म्हणायचा, दोन-तीन वर्षं एका खोलीत आणि मग एक दिवस बाहेर. तो दिवस असा असतो हे तू सांगितलं नव्हतं. चहा केला. दोघांसाठीच केला, पण हात सवयीनं तिसऱ्या कपाकडं गेला होता.

राजूनंही ते मागून घेतलं. मी त्याच्या दुकानात जाऊन सांगून आलो, वापर, पण ताणशील तर याद राख. तो म्हणला, "भाऊ, आता तुमी रोजच येणार का?" मी म्हटलं, गरज पडली तर.

रविवार मात्र जात नाई. नवीन अक्षरं तर येतच असतील. कोणी तरी कुठल्या तरी खोलीतून काही सोडलं असंल, कोणाच्या तरी ब चं पोट सुटलेलं असंल. मले ते कुठी पाहतात हे माहीत नाई आणि मी कोणाले विचारणार नाई. ते मनाशीच बोलून पाहिलं, नुसतं हवेतल्या अक्षराले नावं ठेवून पाहिली. जमत नाई. नावं ठेवायले समोर हसणारा लागतो.

काल करुणानं मोबाइलवर एक फोटो दाखवला, कोणं तरी पाठवलेला. कुठलं तरी समुद्राकडचं गाव, मागं नारळाची झाडं. नवी खानावळ, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात 'जेवण मिळेल'. माझा व, माझा ज. आणि 'मिळेल'मधला ळ, खाली दबून मग वर उठलेला. भिंत कोरी होती, पांढरी, नवीन. तिथी खुंटी नव्हती. कधी असणारही नाई. तरी माझा हात त्या जागेचा मान ठेवून गेला होता.

"कोणतं गाव हो भाऊ हे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "मले काय ठाऊक. मी कधी गेलो नाई तिथी."

आज सकाळी अंगण झाडलं. तुझी खुर्ची निंबाखाली तिथीच आहे, पाय मातीत रुतलेले. मारोती म्हणतो, डोमा, उचलून ठेव ना ती, झाडायले अडचण होत असंल. अडचण काही होत नाई. झाडू तिथपर्यंत येतो आणि बाजूनं जातो.